शिकागोचा वळणावळणाचा पूल आणि आईचे गुडघे

शिकागोला मिलेनियम पार्कमध्ये येणारे बहुतेक लोक त्या चकचकीत बीनपाशी (आरशासारखं मोठं स्टीलचं शिल्प) फोटो काढतात आणि निघतात, पण मला विचाराल तर तिथून जवळच असलेला बीपी ब्रिज अजिबात चुकवू नका. प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक गेहरीने केलेला हा पहिला पूल, 2004 मध्ये पार्कबरोबरच उघडला. बाहेरून सगळं स्टेनलेस स्टील, माशाच्या खवल्यांसारखे पत्रे एकावर एक बसवलेले, आणि चालायला खाली लाकडी फळ्या.

आई भारतातून आली होती तेव्हा तिला मुद्दाम घेऊन गेलो. गुडघ्यांमुळे तिला जिने म्हटलं की धडकीच भरते, त्यामुळे पूल म्हटल्यावर तिने आधीच विचारलं, "किती पायऱ्या आहेत रे?" एकही नाही! चढ फक्त 5 टक्के, म्हणजे 20 फूट चाललात की जेमतेम 1 फूट वर. थोडं चालल्यावर म्हणाली, "रस्ता तर समोरच दिसतोय, मग एवढं फिरून कशाला? सरळ बांधायचा ना." मग तिला सांगितलं की सरळ बांधला असता तर एवढ्याशा अंतरात तेवढी उंची गाठायला चढ तरी जास्त द्यावा लागला असता नाहीतर पायऱ्या, म्हणून खालचा कोलंबस ड्राइव्ह हा रस्ता ओलांडायला हा पूल नागमोडी वळणं घेत जवळजवळ 285 मीटर लांब झालाय. व्हीलचेअरवाले, बाबागाडीवाले, सगळे त्याच वाटेने जातात, कोणासाठी मागच्या बाजूला वेगळा रॅम्प नाही. मला हे फार म्हणजे फारच आवडतं, आपल्याकडच्या स्कायवॉकचे जिने आठवून तर जास्तच.

अजून एक, त्या स्टीलच्या भिंती नुसत्या शोभेच्या नाहीत, रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा आवाज त्या अडवतात, म्हणजे पार्कमधल्या प्रिट्झकर पॅव्हिलियन या खुल्या रंगमंचासमोरच्या हिरवळीवर गाणं ऐकत बसलेल्यांना त्रास कमी. ते पॅव्हिलियनपण गेहरीचंच.

हिवाळ्यात बर्फ पडला की पूल बंद ठेवतात, कारण लाकडावर मीठ टाकता येत नाही, तेव्हा आईवडिलांना आणणार असाल तर उन्हाळ्यातच आणा. आणि जमलं तर पुलाच्या दुसऱ्या टोकाच्या मॅगी डेली पार्ककडून चढा, म्हणजे येताना डाउनटाउनच्या सगळ्या उंच इमारती समोर दिसत राहतात, आणि मध्ये थांबून मागे बघितलं की लेक मिशिगन.