ड्रॉवरमधली चिठ्ठी

"हिला तीन महिने दिले होते," खोक्याला चिकटपट्टी लावता लावता काउंटरवरची बाई म्हणाली. मेलबर्नमधलं छोटंसं दुकान. खोक्यात एका नवख्या लेखिकेच्या कादंबरीच्या पाच कोऱ्या प्रती.

इथे न खपलेलं पुस्तक प्रकाशकाकडे परत जातं, हे माहीत होतं. पण मग तिने शेल्फवरची शिफारशीची चिठ्ठी अलगद सोडवली. तिच्याच अक्षरातली: 'वाचताना माझा ट्रॅमचा थांबा चुकला.' ती खोक्यात नाही, ड्रॉवरमध्ये गेली.

रिकाम्या जागी क्रिकेटपटूंची जाडजूड आत्मचरित्रं. सप्टेंबरचा पहिला रविवार म्हणजे इथला फादर्स डे, तो जवळ आलाय ना!

मी एक प्रत बाहेर काढायला लावली. इथे पुस्तकावरही १० टक्के जीएसटी, तोही भरला. चिठ्ठी मागायचं मात्र धाडस झालं नाही.

मागायला हवी होती का?