क्लच स्लिप मारत होता, प्लेटी मात्र धडधाकट होत्या

देवगड-निपाणी रस्त्याने फोंडा घाट चढताना माझी होंडा युनिकॉर्न मोटरसायकल रेस दिली की नुसती ओरडायला लागली. इंजिनचा आवाज वर जायचा, वेग तिथल्या तिथे. रेस कमी केली की पकड यायची, पुन्हा पिळली की पुन्हा तेच. नांदगाव तिठ्यापर्यंत काही जाणवलं नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर सपाट रस्ता तसा कमीच. खाडीत उतरायचं, पूल ओलांडायचा, परत सड्यावर चढायचं. पण त्या चढणी आखूड असतात आणि गाडीवर आपण एकटेच असतो. त्या दिवशी मागे भाचा होता, त्याची बॅग होती आणि त्याला कोल्हापूरला कॉलेजात सोडायचं होतं. इंजिनला खरा जोर लावावा लागतो तेव्हाच तो जोर चाकाकडे पोचवणाऱ्या क्लचचं पितळ उघडं पडतं. दाजीपूरपर्यंत कसेबसे पोचलो.

घरी आल्यावर जामसंड्याच्या मोकळ्या रस्त्यावर एकदा खात्री करून घेतली. वरच्या गिअरमध्ये गाडी हळू चालवायची आणि एकदम पूर्ण रेस द्यायची. क्लच ठीक असेल तर इंजिन धडधडतं, कुरकुरतं, पण गाडी हळूहळू वेग घेते. स्लिप मारत असेल तर आवाज आधी पळतो आणि गाडी मागून येते. माझी मागून आली.

पहिला संशय केबलवर. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी लागते. केबल ताणलेली असेल तर हात सोडला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. माझी चाल बरोबर होती, तरी थोडी सैल करून पाहिली. फरक शून्य.

मग मेस्त्रींकडे. त्यांनी एक फेरी मारली आणि उतरता उतरताच निकाल दिला, ‘‘प्लेटी गेल्यो.’’ गाडी बरीच चाललेली असल्यामुळे मलाही ते पटलं. कव्हर खोललं, स्प्रिंग काढले, प्लेटी एकेक करून कागदावर मांडल्या. आणि मेस्त्री गप्प. फ्रिक्शन प्लेटींवरचं अस्तर शाबूत होतं, व्हर्नियरने मोजलेली जाडी मर्यादेत होती. मधल्या स्टीलच्या प्लेटी जळून निळ्या पडतात, तसा एकही डाग नव्हता. करपल्याचा वास नव्हता. पावसाचं पाणी आत गेलं असेल म्हणावं तर तेल दुधाळ झालेलं नव्हतं. शेवटी त्यांनी ते तेल दोन बोटांत चोळलं आणि विचारलं, ‘‘त्याल खयचा घातलंस?’’

मी घातलंच नव्हतं. गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलत भावाने गाडी वापरली आणि जाण्याआधी प्रेमाने सर्व्हिसिंगही करून ठेवलं. त्याच्या कारसाठी आणलेला एक जादा डबा होता, भारीतला, फुल सिंथेटिक. फोन करून डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला. ग्रेड, म्हणजे तेलाच्या जाडीचा आकडा, ५डब्ल्यू-३०. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या गोल शिक्क्यात मध्ये ग्रेड आणि खालच्या कमानीत ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’. जासोचं, म्हणजे मोटरसायकलच्या तेलांवर असतो त्या जपानी मानकाचं नाव कुठेच नाही.

घोटाळा इथे होता. कारमध्ये इंजिनचं तेल इंजिनपुरतंच असतं. गिअरबॉक्सचं तेल वेगळं आणि साध्या गिअरच्या कारचा क्लच कोरडा, बाहेर. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच तेल. क्लचच्या प्लेटी त्या तेलात भिजलेल्या असतात आणि तशा भिजूनही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. कारच्या मायलेजसाठी बनवलेल्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, उदाहरणार्थ मॉलिब्डेनमची संयुगं. पिस्टनला ती मानवतात. प्लेटीवर मात्र त्यांचा थर बसला की पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यावर पाय द्यावा तशी गत होते. कित्येक होंडा गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये गोल शिक्क्यात ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं तेल टाळा असं स्पष्ट छापलेलं असतं. ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ हा त्याच शिक्क्यावरचा पुढच्या काळातला शेरा.

या भानगडीसाठीच जपानी वाहन उद्योगाने १९९८ साली जासो टी ९०३ हे मानक आणलं. त्यात तेल प्रत्यक्ष क्लचच्या प्लेटींवर तपासतात: फिरताना पकड किती, घट्ट धरल्यावर किती, थांबायला वेळ किती. पकड चांगली असेल तर एमए, कमी असेल तर एमबी. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ची पकड जास्त. एमबी तेल वाईट नसतं. ते गिअरलेस स्कूटरसाठी असतं, कारण तिचा क्लच तेलात बुडालेला नसतो. घरात स्कूटर आणि मोटरसायकल दोन्ही असतील आणि एकच डबा आणायचा असेल तर एमए आणा. स्कूटरला त्याने बाधत नाही. उलटं करू नका.

सिंथेटिकमुळे क्लच घसरतो, हे मात्र मेस्त्रींचं ठाम मत आणि त्यावरून आमचा थोडा वादही झाला. कितीतरी फुल सिंथेटिक तेलांवर एमए२ लिहिलेलं असतं आणि ती ओल्या क्लचला उत्तम चालतात. दोष त्या डब्यातल्या रसायनांचा होता, सिंथेटिकपणाचा नव्हे. त्यांना ते पटलं असं वाटत नाही.

मेस्त्रींनी नवीन प्लेटींचा सेट मागवायची तयारी दाखवली होती, ती मी थांबवली. जुन्याच प्लेटी पुसून रात्रभर नव्या तेलात बुडवून ठेवल्या, सकाळी नवं गॅस्केट लावून बसवल्या. तेल साधं मिनरल, १०डब्ल्यू-३०, जासो एमए. युनिकॉर्नला कंपनीने सांगितलेलं तेच. मेस्त्रींचा कल सवयीने २०डब्ल्यू-४०कडे होता, ‘‘हयच्या उकाड्यात जाडाच बरा’’ म्हणून. ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतल्या जाडीचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या, आणि देवगडात डिसेंबरातही इंजिन गारठेल अशी थंडी पडत नाही, तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर. पण पातळ तेलासाठी बनवलेल्या इंजिनात फार जाड तेल घातलं की उलटी तक्रार सुरू होते: सकाळी प्लेटी एकमेकींना चिकटतात, क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही.

पहिल्या फेरीत फरक पडला, पण स्लिप पूर्ण गेली नाही. ड्रेन बोल्ट काढून सगळं तेल कधीच बाहेर येत नाही. कोपऱ्याकोपऱ्यात, हेडमध्ये थोडं राहतंच आणि त्यात ती रसायनं असतात. म्हणून कुणकेश्वर, मिठबाव असं थोडं फिरून इंजिन गरम असतानाच ते तेल पुन्हा काढलं, पुन्हा नवं भरलं. दोन डब्यांचे पैसे गेले, तरी प्लेटींच्या सेटपेक्षा स्वस्तात सुटलो. त्यानंतर भाच्याला आणायला फोंडा घाटाने गेलो. येताना तो उताराचाच घाट, पण जाताना तिसऱ्यात पूर्ण रेस देऊन पाहिली आणि गाडी ओढत राहिली. प्लेटी घसरून घसरून गुळगुळीत झाल्या असत्या तर एवढ्यावर भागलं नसतं, त्या बदलाव्याच लागल्या असत्या. लवकर लक्षात आलं, इतकंच.

बंदरावरचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख असलेले काका हे सगळं ऐकून हसले. त्यांच्या जुन्या गाडीत वर्षानुवर्षं ट्रॉलरच्या डिझेल इंजिनचं १५डब्ल्यू-४० आणि क्लच खणखणीत. डब्यावर जासोसुद्धा आहे म्हणाले. मी डबा बघितला: जासो होतं, पण पुढे डीएच-२, म्हणजे जड डिझेल इंजिनांचं मानक. त्यात क्लचची चाचणी नसते. अशा जाड डिझेल तेलांत घर्षण घटवणारी रसायनं सहसा घालत नाहीत, त्यामुळे काकांचा क्लच टिकला यात नवल नाही. पण टिकेलच अशी हमी त्या डब्यावर कुणी दिलेली नाही. काका म्हणाले, ‘‘माका हमी नको, माका त्याल फुकट गावता.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.