मीमचा नेम कुणावर?

स्त्रीवादी मीम फसतं तेव्हा विनोद वाईट असतोच असं नाही, बहुतेकदा नेम चुकलेला असतो. नवऱ्याच्या आळसावर मीम केलं की नवराही हसतो, ‘आमचे हे अगदी अस्सेच’ म्हणत बायकाही हसतात, आणि भांडी जिथल्या तिथे. नेम माणसाच्या स्वभावावर धरू नये. एखादं वाक्य, नियम किंवा आकडा पकडावा.

जून २०१५ मध्ये एका नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने जाहीरपणे म्हटलं की प्रयोगशाळेतल्या मुली प्रेमात पडतात आणि टीका केली की रडतात. उत्तरादाखल महिला शास्त्रज्ञांनी ‘डिस्ट्रॅक्टिंगली सेक्सी’ (म्हणजे लक्ष विचलित करण्याइतकी मादक) या हॅशटॅगखाली आपले कामाचे फोटो टाकले: डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक सूट, मास्क, चिखल. हे चाललं, कारण असा फोटो प्रत्येकीच्या फोनमध्ये आधीच होता. सहभागी व्हायला वेगळी कल्पकता लागत नव्हती.

दुसरं उदाहरण त्याहून कोरडं, आणि म्हणूनच जास्त झोंबणारं. ब्रिटनमध्ये २५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत जाहीर करावी लागते. २०२२ च्या महिला दिनी ट्विटरवरचा एक बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट करणारं खातं, कंपन्यांच्या शुभेच्छांना त्यांचीच आकडेवारी जोडत सुटलं. एकही विशेषण नाही. काहींनी शुभेच्छाच काढून टाकल्या.

स्वतः मीम करताना सगळ्यात सोपी युक्ती उलटापालटीची. बायकांना सर्रास ऐकवलं जाणारं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं आणि फक्त लिंग बदलायचं: ‘दोन मुलांचा बाप असूनही तो कंपनी सांभाळतो, कसं जमतं त्याला?’ बाकी शब्दाला हात लावायचा नाही. मीठमसाला घातला की वाचणाऱ्याचं लक्ष अतिशयोक्तीकडे जातं आणि मूळ वाक्य सुटतं.

उपरोधाची मोठी अडचण म्हणजे तो खरा वाटतो. टोकाच्या मताचं विडंबन ठळक खुणेशिवाय केलं, तर कुणीतरी ते खरंच समजणार. याला ‘पो’चा नियम म्हणतात. त्यात स्क्रीनशॉट फिरतो तो कॅप्शन मागे ठेवून. म्हणून उपरोधाची खूण चित्रातच हवी, कोपऱ्यात खात्याचं नावही. मजकूर दोन ओळी, दहाबारा शब्द. पांढरी अक्षरं, काळी किनार. फोनवर चित्र अंगठ्याएवढं करून बघा. वाचता आलं नाही तर शब्द कमी करा, अक्षरं बारीक करू नका. चित्राचं वर्णन ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यांना वाचून दाखवल्या जाणाऱ्या मजकुरात, लिहायला विसरू नका.

टेम्प्लेट, म्हणजे मीमसाठीचं तयार चित्र, निवडताना मूळ चित्र कुणाला हसतंय ते शोधा. रडणाऱ्या किंवा जाड बाईची टिंगल करणारं टेम्प्लेट असेल, तर वर कितीही पुरोगामी ओळ लिहा, हसू त्या बाईवरच येणार. अनोळखी सामान्य माणसाचा चेहरा तर वापरूच नये.

बाईद्वेष्टी पोस्ट कोट करून झोडपण्याचा मोह होतो. पण तसं केलं की तिलाच आयते वाचक मिळतात. नाव झाकून स्क्रीनशॉट घ्या. मीमखाली एकच काम सांगा, एकाच लिंकसह: याचिका, तक्रारीचा नमुना, हेल्पलाइन, जे असेल ते. तीन लिंक दिल्या की एकही उघडली जात नाही. पहिल्या काही तासांत प्रतिसादांवर नजर ठेवायला कुणी नसेल, तर ते बंद ठेवूनच पोस्ट करा.