तुम्ही विचारलंत म्हणून: माझी मुलगी डॉक्टर, मग तुमच्या मुलांना लेथ का दाखवतो?

"सर, स्वतःची लेक डॉक्टर केलीसा आणि आमच्या पोरास्नी लेथ दाखवताय व्हय?" लेथ म्हणजे कारखान्यात धातू कातायचं यंत्र. पालकसभेत, कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फिरताना, एकदा तर मयताच्या घरी बसलो असताना मला हे ऐकवलं गेलंय. दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवला. त्या दोन वाक्यांनी कुणाचंच समाधान झालं नाही, माझंही नाही. म्हणून आता एकदाच सगळं सांगतो.

आठवीच्या वर्गाला अधूनमधून शाळेबाहेर, माणसं काम करतात तिथं नेऊन बसवायचं, एवढंच मी करत आलो. उद्यमनगरातलं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने बनवायचं दुकान, शिरोलीची फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, छापखाना, दूध संकलन केंद्र. तिथं मुलांनी बघायचं, विचारायचं, कुणी हातात काही दिलं तर करून बघायचं.

आधी मुलीचं सांगतो. माझी बायको नर्स आहे. शाळा सुटली की मुलगी वॉर्डाशेजारच्या खोलीत बसून गृहपाठ करायची. सलाइन कधी संपत आली, कुठला डॉक्टर नातेवाइकांशी कसा बोलतो, रात्रपाळीनंतर माणूस कसा दिसतो, हे तिला दहावीच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. तिला मी डॉक्टर केलं नाही. ते काम तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिनं ते उचललं. तुमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर काय आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. जे कधी पाहिलंच नाही त्याची आवड कुठून यायची?

आणि मला राग कशाचा येतो तेही सांगतो. दहावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "सर, सायन्सला घालू की डिप्लोमाला?" मूल शेजारीच उभं असतं, त्याला फोन देत नाहीत. मी विचारतो, त्याला काय आवडतं? उत्तर येतं, "त्याला काय कळतंय?" खरंच कळत नसेल. कळावं म्हणून दहा वर्षांत त्याला शाळा, ट्यूशन आणि घर यापलीकडं काय दाखवलंत?

२०१६ पासून काही वर्षं बोर्डानं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं होती. हेतू चांगला होता. पण ज्या मुलीनं लेथ सुरू झालेला कधी ऐकलेलाच नाही, तिनं 'तांत्रिक'पुढं खूण करावी तरी कशाच्या जोरावर? माझ्या वर्गातल्या मुली 'आरोग्य'कडं वळायच्या, कारण दवाखाना प्रत्येकीनं पाहिलेला असतो.

लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकी संशोधिकेनं १९८१ मध्ये एक मांडणी केली. सहा ते आठ वर्षांची मुलं 'हे बायकांचं काम, हे पुरुषांचं' म्हणून कामं बाद करू लागतात. नऊ ते तेराच्या वयात 'हे हलकं काम, हे मानाचं' म्हणून बाद करतात. स्वतःला काय आवडतं याचा विचार त्यानंतर, आणि तोही उरलेल्या कामांतूनच. हे वाचलं तेव्हा मला माझे तिसरीतले आणि सातवीतले वर्ग दिसले. दहावीला विचारेपर्यंत यादीतली बहुतेक नावं खोडून झालेली असतात.

कोल्हापुरात हे पटवून द्यायला लांब जावं लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली, मग राही सरनोबत आली, २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवलं. एकाच जिल्ह्यात इतके नेमबाज होतात ते इथलं पाणी वेगळं म्हणून नव्हे. इथल्या पोराला रायफल धरलेलं ओळखीचं माणूस दिसतं, आणि हे आपल्यातलंही कुणी करू शकतं हे त्याला कळतं.

फाउंड्रीचंही तसंच. पॅटर्नच्या दुकानात एका मुलीनं मिस्त्रींची पट्टी आपल्या पट्टीशेजारी ठेवली आणि ओरडली, "सर, ही चुकीची आहे!" मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं की बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना साधारण एक टक्क्यानं आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा आणि त्यासाठी पट्टीच मोठ्या मापाची बनवलेली असते. शेकडेवारी मी तिला वर्षभर शिकवत होतो. त्या दुकानात ती अर्धा तास मिस्त्रींच्या मागंमागं फिरली.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. आता ज्यामुळं ती डळमळते ते सांगतो.

एका वर्षी मी वर्गाला सुभाषनगरात कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्यांच्या घरी नेलं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, म्हणजे ते नाव महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतल्याच चपलेला. मुलांनी आपल्या गावाची ही कला बघावी असं मला मनापासून वाटत होतं. कारागीर रापीनं तळ कापत होते, त्यांच्या पत्नी पट्ट्यांची वेणी घालत होत्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कसं कमावतात ते त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "खिळा न्हाई, दोरा न्हाई, मग ह्ये जोडलंय कशानं?"

मागून आवाज आला, "वादीनं." माझ्या वर्गातला सगळ्यात कमी बोलणारा मुलगा होता तो. कारागिरानं त्याला पुढं बोलावलं, हातात आरी दिली. त्यानं भोक पाडलं, कातड्याची वादी ओवली, ताणली. इतक्या सराईतपणे की सगळा वर्ग गप्प झाला. मला काय आनंद झाला! मी मोठ्यानं म्हणालो, "बघा, याला केवढं येतंय!" आणि तेवढ्यात मागच्या एका मुलानं, वाईट हेतू नसेलही त्याचा, विचारलं, "म्हणजे तुम्ही हेच करता काय रे घरी?"

त्यानं आरी खाली ठेवली. परत येताना तो सगळ्यांच्या मागं, एकटा चालत होता.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "सर, रागावू नका. माझ्या आज्ज्यानं ह्येच केलं, बापानं केलं, मी करतोय. ह्येच्यातनं भाईर पडावं म्हणून त्याला शाळंत घातलंय. आणि तुम्ही त्याला शाळंतनं परत तिथंच आणून बसवलं. बाकीच्यांनी बघितलं आणि घरी गेली. तो कुठं जाणार?"

मी कलेबद्दल बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक जोड बनवल्यावर हातात काय पडतं तो आकडा सांगितला. मी गप्प बसलो. जाताना ते म्हणाले, "तुमच्या लेकीला कुठं न्हेलंतासा बघायला?" या लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो असा.

ज्या गावात शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, त्या गावात हा माणूस वेगळं काय मागत होता? बापाचा धंदा मुलाच्या कपाळी लिहिलेला नसावा, एवढंच.

आणि तरी मी मागं हटत नाही. त्या मुलाच्या बोटांत जे होतं ते खरं होतं. शाळेत इतकी वर्षं त्याला कुणी 'तुला येतं' असं म्हटलं नव्हतं. ते त्याच्यापासून लपवून ठेवणं हा कुठला न्याय? त्या काळातला मी पालकसभेत म्हणायचो, "हाताला काम कळलं की डोक्याला दिशा मिळते." आज त्या जुन्या मला मी विचारीन, कुणाच्या हाताला? डॉक्टरच्या मुलानं वादी ओवली तर ते शिक्षण. चर्मकाराच्या मुलानं ओवली तर सगळे म्हणतात, रक्तातच आहे. पण मग तो जुना मीही उलट विचारील: म्हणून काय त्याला आरी कधीच द्यायची नाही? याला माझ्याकडं उत्तर नाही.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, गदारोळ झाला, गावभर चपलेच्या मानाची चर्चा झाली. मी त्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "जोडीमागं मला काय मिळतं ते तुम्हाला तवाच सांगितलंय सर. त्यात काय फरक न्हाई." मुलगा बी.कॉम. करतोय, सोबत बँकेच्या परीक्षांची तयारी. बरा आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेत. मुलांनी स्थानिक कारागिरांकडं जाऊन शिकावं, उदाहरणं दिलीत सुतार, माळी, कुंभार, कलाकार. मला ही सूचना मान्य आहे, पण उदाहरणं वाचताना तो माणूस समोर उभा राहतो. न्यायाधीश का नाही? पॅथॉलॉजिस्ट का नाही? कारखान्याचा हिशेब तपासणारा सीए का नाही?

म्हणून आता एक बदल केलाय. कुठं जायचं ते मुलं सुचवतात, आणि ज्याच्या घरी जे काम चालतं तिथं त्याला जायची सक्ती नाही. मोल्डरच्या, म्हणजे फाउंड्रीत साचे भरणाऱ्या कामगाराच्या मुलाला प्रयोगशाळा आधी, डॉक्टरच्या मुलीला फाउंड्री आधी. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच गावातच बसतंय, तिथं वर्गाला नेण्यासाठी अर्ज दिलाय.

यानं सगळं सुटलं असं म्हणत नाही. डॉक्टरांच्या घरून फाउंड्रीच्या परवानगीपत्रावर लगेच सही येते, कारण आपला मुलगा मोल्डर होणार नाही याची त्यांना खात्री असते. मोल्डरच्या घरून प्रयोगशाळेच्या पत्रावर सही येते तेव्हा सोबत चिठ्ठी असते: "सर, ह्याला फी किती असती?" त्या चिठ्ठीला मी सरकारी महाविद्यालय, शिष्यवृत्ती, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाचा इंजिनिअरिंग प्रवेश, जे माहीत आहे ते सगळं लिहून पाठवतो. पुरत नाही.

पुढंही विचारा, मी उत्तर देईन. पण निकालानंतर फोन करू नका. मूल सहावीत असताना या, आणि त्याला सोबत घेऊन या.