आमची वाटचाल : ऑफिसातली आकृती आणि शॉप फ्लोअर

आम्ही दोघांनी मिळून सुरुवात केली. भागीदार पीएलसीवाला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरांचा माणूस, त्यांच्या लॅडर लॉजिक या प्रोग्रामिंगमध्ये मुरलेला. मी ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या ऑर्डर, साठा आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, वर्षे घातलेला. कारखान्यातल्या यंत्रणांचे मशीनपासून ऑफिसपर्यंत थर पाडणाऱ्या आयएसए-९५ या मानकाच्या हिशेबाने तो लेव्हल १-२ चा, मी लेव्हल ४ चा. मधली लेव्हल ३, जिथे खरे उत्पादन नियंत्रण चालते, तिथे बहुतेक कारखान्यांत एक एक्सेल फाइल आणि एक वैतागलेला सुपरवायझर असे. त्या जागेत आम्ही कामाची आकृती काढून ती शॉप फ्लोअरशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे दुकान मांडले.

२०११ मध्ये बीपीएमएन २.० (कामाच्या पायऱ्या आकृतीत मांडायचे प्रमाण तंत्र) आले, २०१३ मध्ये त्याला आयएसओची मान्यता मिळाली. काढलेली आकृती थेट इंजिनात, म्हणजे ती पायरीपायरीने राबवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवता येते म्हटल्यावर आमची उमेद वाढली. पण इंजिन प्रत्येक पायरीची नोंद डेटाबेसात करत चालते आणि पीएलसीचे स्कॅन (इनपुट वाचून आदेश देण्याची एक फेरी) मिलिसेकंदांत होते; तो वेग इंजिनाला झेपत नाही. म्हणून पहिल्यापासून आमचा नियम ठरलेला : इंटरलॉक (चुकीच्या वेळी मशीन अडवणारी कुलपे) आणि हालचाली पीएलसीकडेच राहतील, मॉडेलने, म्हणजे आमच्या चालत्या आकृतीने, जॉब सोडायचा, रेसिपी (मशीनची सेटिंग्ज) पाठवायची आणि काम झाल्याची खबर ओपीसी यूए या मशीनशी बोलण्याच्या प्रमाण भाषेतून घ्यायची.

खरी मेहनत त्या खबरेची होती. मशीन फक्त नग मोजते, ते कोणत्या वर्क ऑर्डरचे हे तिच्या गावीही नसते. ऑर्डर, ऑपरेशन आणि लॉट (एकत्र चालणाऱ्या नगांचा गट) यांची सांगड घालणारा तुकडा भागीदाराने लिहिला, तोही सिरियल पोर्ट असलेल्या जुन्या लॅपटॉपवर. जुन्या कंट्रोलरांशी बोलायला तोच लागे. आजही आम्ही तो मोडीत काढलेला नाही.

आमच्या पहिल्या ग्राहकाकडचे पीपीसीचे (उत्पादन नियोजन आणि नियंत्रणाचे) प्रमुख मीटिंग रूममध्ये आकृती काढूच देत नसत. शिफ्ट बदलताना आम्हाला फ्लोअरवर उभे करत. त्यांचा प्रश्न ठरलेला : ‘होल्डवरचा लॉट आत्ता कुठे आहे, तेवढे सांगा.’ होल्डवरचा म्हणजे अडवून ठेवलेला. लॉट फुटतो, काही नग रिवर्कला (दुरुस्तीला) जातात, बाकीचे पुढे सरकतात आणि असेंब्लीला पुन्हा एकत्र लागतात. आमचे मॉडेल त्या प्रश्नावरच उभे राहिले.

मग तो प्रतिस्पर्धी आला. नाव घेत नाही. मोठी कंपनी, मोठा पडदा. डेमोत त्यांनी आकृतीतल्या चौकोनावर क्लिक केले आणि मशीन सुरू झाली. टाळ्या पडल्या. आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने सगळे काम त्यांना दिले, वर आमचे बिल अडवले. आमचे पगार थांबले, दोन चांगली मुले सोडून गेली, भागीदाराने घर गहाण ठेवले. आमच्या इंजिनातून थेट मशीन चालत नाही, म्हणजे आमचे तंत्र मागासलेले, असेही त्या कंपनीने सांगून ठेवले होते.

तिकडे त्या ग्राहकाच्या कारखान्यात प्रत्येक सायकलला मशीन इंजिनच्या उत्तराची वाट पाहू लागली. नेटवर्क जरा अडले की स्पिंडल रिकामा. ऑपरेटरांनी सरळ मॅन्युअल मोड लावला, आणि उत्पादन होत राहिले तरी मॉडेलमध्ये पहिलाच नग चालू. महिनाअखेरीस डब्ल्यूआयपीचा (अर्धवट झालेल्या मालाचा) मेळ बसेना. शेवटी त्या ग्राहकाने मागच्या दाराने आम्हालाच बोलावले. आम्ही मशीनवरचे नियंत्रण पीएलसीकडे परत दिले, मॉडेल ऑर्डरच्या पातळीवर आणले, मेळ बसवला. यशोगाथा मात्र अजून त्या कंपनीच्याच नावाने छापली जाते.

त्या काळात पहिल्या ग्राहकाने देखभालीचे पैसे आगाऊ दिले, म्हणून टिकलो. पुढची वर्षे ठीक गेली.

नव्याने या कामात पडणाऱ्यांनी विचारले नाही तरी सांगतो. मॉडेल काढताना आधी होल्ड, रिवर्क आणि स्क्रॅप काढा. सरळ वाट कोणीही काढतो. कंट्रोलर आणि सर्व्हरची घड्याळे एनटीपी या नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने जुळवून घ्या, नाहीतर ऑपरेशन सुरू होण्याआधीच संपलेले दिसेल. नेटवर्क तुटून जोडले की तोच संदेश दुसऱ्यांदा येऊ शकतो. प्रत्येक संदेशाला ओळख क्रमांक नसेल तर नग दुप्पट मोजले जातील.

आणि मशीन मॅन्युअलवर गेल्याचा सिग्नल मॉडेलपर्यंत आलाच पाहिजे. तो द्यायला तयार नसेल त्याचे काम आम्ही घेत नाही. यापायी काही ऑर्डरी हातच्या गेल्या, बहुतेक त्याच कंपनीकडे.