पुण्याला का येत नाही

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथेच त्याचं लग्न झालं, आणि तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. गेल्या दिवाळीत विहीणबाईंनीही विचारलं, ‘तुम्ही दोघंच त्या शांत गावात कशाला राहता? इकडेच या ना.’ आग्रह मायेचा होता, पण पंगतीत धड उत्तर देता आलं नाही. विहीणबाई, तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

ग्वाल्हेरला गाव म्हणणं तसं बरोबर नाही. २०११च्या जनगणनेतच वस्ती दहा लाखांच्या वर गेली होती. पण आम्ही राहतो लश्करात, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या भागात. इथे अजून पाटणकर बाजार आहे, निंबाळकर की गोठ आहे. वाड्याचा मात्र ‘बाडा’ झालाय. आणि दुपारी गल्ल्या खरोखर निजतात.

आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगी गाणं शिकते. पहाटे साडेपाचला तिचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, सुरू होतो. जानेवारीत धुकं एवढं, की समोरची गच्ची दिसत नाही. तेव्हा तिचा आवाज तेवढा येतो. गेल्या वर्षी ती भैरव राग घोटत होती. त्यातला कोमल रिषभ, म्हणजे उतरलेला ‘रे’, काही केल्या जागेवर बसेना, रोज जरा चढाच लागायचा. कणीक मळता मळता माझा हात थांबायचा. तीन आठवडे हे चाललं. मग एका पहाटे तो लागला. खाली उतरून, हलकेच झुलत, अगदी नेमका. तिचा तिलाही कळला असणार, कारण ती गप्प झाली आणि पुन्हा तिथूनच उचललं. माझे डोळे भरून आले. तुमच्या फ्लॅटखालून पहाटेपासून गाड्या वाहतात, तिथे मला हा रिषभ कुठून ऐकू येणार?

महाराष्ट्रात ख्यालगायन रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले ते इथेच, वासुदेवबुवा जोशींकडे. तेव्हा तुमच्याकडच्या मैफलींचंही हे आजोळच आहे.

उणं नाही असं नाही. मुलांना मनाजोगती कामं इथे मिळत नाहीत. आमच्या ओळखीच्या कितीतरी मराठी घरांना कुलपं लागलीत. श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची छोटी रेलही २०२० मध्ये थांबली. तिची शिट्टी आठवली की अजून चुकल्यासारखं होतं. नातवाला मांडीवर घेऊन तिच्यात बसायचं मनात होतं, ते राहूनच गेलं. त्याचं बोबडं बोलणं फोनवर ऐकावं लागतं, याचं दुःख मी लपवत नाही.

पण यायचं म्हटलं की पाय निघत नाही. म्हणून तुम्हीच या, डिसेंबरात, तानसेन समारोहाला. १९२४ पासून तो चालत आलाय. तानसेनच्या समाधीपाशी सकाळी सनई वाजते, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान. तिकीट नाही, ओळख लागत नाही. आमच्यासारखी माणसं शेंगदाणे खिशात घेऊन येतात आणि रात्री उशिरापर्यंत हलत नाहीत. शाल मात्र जाड आणा. आणि झोपायला मागची खोली देईन, तिची खिडकी त्या गल्लीवरच उघडते.