डोक्यावरचा आकडा

ब्रेक कॅलिपरचा (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचा) बोल्ट हरवला, म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून चकचकीत स्टेनलेसचा आला. “गंजणार नाही, साहेब,” मेकॅनिक म्हणाला.

गंजणार नाही, खरंय. पण डोक्यावर ‘ए२-७०’ होतं. हा त्याच्या ताकदीचा आकडा. म्हणजे ४५० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) च्या आसपास तो कायमचा ताणला जायला लागतो.

साध्या काळ्या बोल्टचं गणित सोपं आहे. डोक्यावरच्या टिंबाच्या दोन्हीकडच्या आकड्यांचा गुणाकार करा, पुढे शून्य लावा, तीच मर्यादा मेगापास्कलमध्ये. ८.८ म्हणजे ६४०, १०.९ म्हणजे ९००. आकडाच नसेल तर ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनला तो नकोच. मूळ बोल्टवर असेल तोच आकडा घ्या.

आटेही बघा. एम१० म्हणजे १० मिमी जाडीच्या बोल्टमध्ये दोन आट्यांमधलं अंतर १.५ आणि १.२५ मिमी (बारीक आटे) असे दोन्ही मिळतात. हातानं दोन आटे जाऊन अडकला तर पान्यानं रेटू नका, आतले आटे जातात.

तुमच्याकडे बारीक आट्यांचे १०.९ सुटे कुठे मिळतात?